आधी वॉट, मग नाव : लहान संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना

‘कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?’ असं विचारणाऱ्याला उत्तरादाखल एखादं नाव हवं असतं. दुकानदारही नावच सांगतो, आणि मोठ्या, मोकळ्या कॅबिनेटच्या संगणकासाठी बहुतेक वेळा तेवढं पुरतं. खिशात पैसे किती ते सांगायचं, त्यात बसणारं सगळ्यांत वेगवान कार्ड घ्यायचं, लावायचं, विषय संपला. संगणक लहान असला की हा क्रम चालत नाही. तिथे कार्डाच्या आधी कॅबिनेट आलेलं असतं, एसएमपीएस आलेला असतो, मदरबोर्डवर एकच स्लॉट असतो, आणि कार्डाने किती जागा घ्यायची, किती वीज खायची, किती तापायचं हे या मंडळींनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून हे पुस्तक उलट्या क्रमाने लिहिलं आहे. यात आधी वॉट आणि मिलिमीटर येतात, कार्डांची नावं फार उशिरा येतात.

लहान म्हणजे किती लहान, ते आधी ठरवू. इंटेलने १९९५ साली एटीएक्स मदरबोर्डचं माप रूढ केलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. आजही दुकानातली बहुतेक मोठी कॅबिनेटं त्याच मापाला धरून बनतात. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ साली मिनी-आयटीएक्स आणला, १७० मिलिमीटरचा चौरस, त्यावर जोडकार्डासाठी एकच स्लॉट. व्हीआयएच्या डोळ्यांसमोर तेव्हा गेम नव्हते, कमी विजेवर शांतपणे चालणारी यंत्रं होती. पण हौशी लोकांनी त्या एका स्लॉटमध्ये दमदार ग्राफिक्स कार्ड बसवता येतं हे हेरलं, आणि त्यातून एक वेगळीच कला उभी राहिली. २०१६ साली लोकवर्गणीतून आलेल्या डॅन ए४-एसएफएक्स या कॅबिनेटचं आकारमान अवघं ७.२ लिटर होतं. त्यात मदरबोर्ड एका बाजूला, कार्ड त्याच्या पाठीला पाठ लावून दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना जोडणारी चपटी रायझर केबल. साधारण २० लिटरच्या आतल्या संगणकाला लहान म्हणण्याची पद्धत आहे. नेहमीचं टॉवर कॅबिनेट सहज ४० लिटरच्या पुढे जातं.

आपल्याकडे ही हौस फक्त दिखाऊपणाची नाही. मुंबई-पुण्याच्या एका बेडरूमच्या घरात एकच टेबल असतं. त्यावर दिवसा कुणाचं ऑफिसचं काम चालतं, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री एखाद-दुसरा गेम. पायाशी टॉवर ठेवायला जागा नसते आणि ठेवलाच तर झाडलोटीची धूळ आधी त्याच्या पंख्यात जाते. अशा घरातला संगणक दिवसातला बहुतेक वेळ गेम खेळत नाही, आणि हीच गोष्ट कार्ड निवडताना सगळे विसरतात. यूट्यूबवरच्या चाचण्या कार्ड पूर्ण जोरात पळत असतानाच्या असतात. तुमच्याकडे ते चाळीसातले पस्तीस तास ब्राउझर, एक्सेल आणि व्हिडिओ दाखवत बसणार आहे. त्या पस्तीस तासांत ते कसं वागतं, याची चौकशी आधी व्हायला हवी.

यातला पहिला मुद्दा आवाजाचा. आजच्या बऱ्याच कार्डांचे पंखे हलक्या कामात पूर्ण थांबतात. काही स्वस्त कार्डांचे थांबत नाहीत, आणि टेबलावर, कानापासून हातभर अंतरावर ठेवलेल्या संगणकात तो फरक दिवसभर ऐकू येतो. दुसरा मुद्दा व्हिडिओचा. यूट्यूबसारख्या ठिकाणी एव्ही१ पद्धतीने दाबलेले व्हिडिओ वाढत चालले आहेत; ते उलगडण्याची सोय कार्डात नसेल तर तो भार प्रोसेसरवर पडतो आणि त्याचा पंखा ओरडू लागतो. तिसरा मुद्दा मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. अनेक घरांत मॉनिटरऐवजी ४के टीव्ही जोडतात. जुन्या कार्डाचा एचडीएमआय १.४ जातीचा असेल तर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच ताजं होतं, किंवा ६० वेळा हवं असेल तर रंगांची माहिती छाटून पाठवावी लागते. चित्रपटात ही छाटणी कळत नाही. अक्षरांत कळते. देवनागरीचे रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ उकार असे बारीक अवयव रंगीत पार्श्वभूमीवर फिसकटतात, आणि माणूस चष्म्याचा नंबर तपासायला निघतो. एचडीएमआय २.० किंवा त्यापुढचं कार्ड घेतलं, टीव्हीतली संबंधित सेटिंग नीट केली, की हा त्रास मिटतो.

आता वॉट. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळू शकतात. त्यापलीकडे एसएमपीएसमधून स्वतंत्र केबल लागते. सहा पिनांची आणखी ७५ वॉट देते, आठ पिनांची १५०. लहान संगणकांच्या दुनियेत ७५ हा आकडा म्हणजे सीमारेषा आहे, कारण तिच्या अलीकडे राहिलात तर केबल नको, मोठा एसएमपीएस नको, आणि बहुतेक जुन्या ऑफिसच्या यंत्रांना गेमिंगची उमेद देता येते.

या रेषेच्या आतला इतिहास मला सगळ्यांत आवडतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये एन्व्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय आलं, फक्त ६० वॉटचं. मॅक्सवेल या नव्या रचनेची ती पहिली चुणूक होती, आणि कंपनीने ती महागड्या कार्डावर न दाखवता या लहानग्यावर दाखवली. लोकांनी ऑफिसमधून निवृत्त झालेले संगणक स्वस्तात घेतले, त्यात हे कार्ड खोचलं आणि त्या काळचे बहुतेक गेम खेळले. पुढे २०१६ मध्ये जीटीएक्स १०५० टीआय आलं, २०१९ मध्ये जीटीएक्स १६५०, दोन्ही ७५ वॉटची. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप आलं, ७० वॉटचं. इथे एक सावधगिरी. २०२२ साली आरटीएक्स ३०५० याच नावाने आलेलं ८ जीबीचं कार्ड १३० वॉटचं होतं, त्यातले गणनेचे गाभेही जास्त होते, २५६० विरुद्ध २३०४. नाव तेच, कार्डं दोन. दुकानात नुसतं ‘३०५०’ मागणाऱ्याच्या हातात कोणतंही पडू शकतं, आणि चुकीचं पडलं तर त्याच्या संगणकात लावायला केबलच नसते.

या सीमेच्या आत एएमडीचं आरएक्स ६४०० ही आहे, २०२२ चं, ५३ वॉटचं, एका स्लॉटच्या जाडीत आणि निम्म्या उंचीत मिळणारं. कागदावर वाचलं तर निवृत्त ऑफिस-यंत्रासाठीच जन्माला आल्यासारखं वाटतं. पण त्याला मदरबोर्डशी बोलायला चारच लेन आहेत. पीसीआय एक्स्प्रेस ४.० असलेल्या नव्या मदरबोर्डवर त्या चारांतून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते, आणि ३.० असलेल्या जुन्या मदरबोर्डवर निम्मी, ४ जीबी. कार्डाची स्वतःची स्मृतीही ४ जीबीच, त्यामुळे गेमला थोडी जास्त लागली की ती याच अरुंद वाटेने मुख्य रॅममधून आणावी लागते. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतची सगळी ऑफिस-यंत्रं ३.० किंवा त्याहून जुन्या पीसीआय एक्स्प्रेसवरची आहेत. म्हणजे ज्या यंत्रात हे कार्ड सगळ्यांत छान बसतं, त्याच यंत्रात ते सगळ्यांत जास्त अडखळतं. त्यात एव्ही१ उलगडण्याची सोय नाही, आणि खेळताना रेकॉर्डिंग करायचं तर व्हिडिओ दाबून साठवणारा भागच चिपमध्ये नाही. रोजच्या वापराच्या संगणकासाठी मी ते सुचवत नाही.

इंटेलच्या आर्क ए३८० बद्दलही थांबून बोलायला हवं. ७५ वॉटच्या घरातलं, ६ जीबीचं हे कार्ड एव्ही१ व्हिडिओ तयारही करू शकतं. स्वस्तात व्हिडिओ संकलन करणाऱ्यासाठी ते सोनं आहे. पण आर्कला रिसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डमध्ये चालू असावी लागते. ती नसेल तर गेममध्ये दम राहत नाही, आणि जुन्या ऑफिस-यंत्रांत ती सहसा नसते. नव्या मदरबोर्डवर ए३८० आनंदाने घ्या. जुन्यात नको. आणखी एक गोष्ट त्या जुन्या बारीक यंत्रांबद्दल : काहींचा स्लॉट पूर्ण ७५ वॉट देतच नाही. उत्पादकाच्या तांत्रिक पुस्तिकेत तो आकडा असतो. तो पाहिल्याशिवाय कार्डाची किंमतही विचारू नये.

मापांकडे वळू. लांबी सगळे मोजतात. उंची आणि जाडी विसरतात. कार्डाची जाडी ‘स्लॉट’मध्ये सांगतात, एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिलिमीटर. जाहिरातीत ‘दोन स्लॉट’ लिहिलेलं कार्ड प्रत्यक्षात सव्वादोन निघतं, आणि मदरबोर्ड-कार्ड पाठीला पाठ लावणाऱ्या सँडविच पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये तो पाव स्लॉट म्हणजे दार बंद होणं आणि न होणं यातला फरक असतो. उंचीचं दुखणं वेगळं : विजेची केबल कार्डाच्या वरच्या कडेतून बाहेर येते आणि तिला वळायला जागा लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४५० वॉटचं आरटीएक्स ४०९० आलं आणि त्याची नवी बारीक सोळा पिनांची जोडणी वितळल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं मुख्य कारण म्हणून पुढे आलं, आणि नंतर त्या जोडणीची रचना सुधारण्यात आली. अरुंद कॅबिनेटमध्ये दार केबलला दाबत असेल तर प्लग हळूहळू सुटण्याची भीती जास्त. जून २०२४ मध्ये एन्व्हिडियाने लहान कॅबिनेटसाठी मार्गदर्शक मापं जाहीर केली, लांबी ३०४ मिलिमीटरपर्यंत, केबलच्या वळणासकट उंची १५१ पर्यंत, जाडी ५० पर्यंत. केबलचं वळण मापात धरलं गेलं हे मला या घोषणेतलं सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. पण ही मापं मोठ्या कार्डांची आहेत. सात-आठ लिटरच्या डब्यात यापेक्षा पुष्कळ कमी जागा असू शकते.

रायझर केबलचं थोडक्यात सांगतो. केबल ३.० ची आणि कार्ड-मदरबोर्ड ४.० चे असतील तर पडदा काळा राहू शकतो. तेव्हा कार्ड बिघडलं म्हणून दुकानात धावण्याआधी बायोसमध्ये जाऊन स्लॉट ३.० वर ठेवून पाहावा.

उष्णतेवर या पुस्तकात सगळ्यांत जास्त पानं खर्च झाली आहेत, आणि त्याची मला जराही खंत नाही. कार्डाने घेतलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊन त्याच डब्यात येतो. परदेशी चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, कूलर लावलेल्या खोलीतही तिशीच्या वर. खोली जितक्या अंशांनी तापते, जवळपास तितक्याच अंशांनी कार्डही जास्त तापतं. पंखे आधी जोरात फिरतात, आणि तेही पुरलं नाही तर कार्ड स्वतःचा वेग उतरवतं. म्हणून चाचणीत ७० अंश दाखवणारं कार्ड विदर्भातल्या वाचकासाठी ८० चं समजावं. कमी वॉटचं कार्ड तिथे किफायतीसाठी नाही, उन्हाळ्यातही तेच काम करावं यासाठी घ्यायचं.

आणि इथे लहान संगणकवाल्यांच्या बाजूने निसर्गाचा एक नियम उभा आहे. चिपचा विजेचा खप वारंवारितेच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेवटचे पाच-सात टक्के वेग काढायला व्होल्टेज चढवावं लागतं, आणि विजेचं बिल तिथेच फुगतं. उलट त्या शेवटच्या टक्क्यांवर पाणी सोडलं तर खप धाडकन उतरतो. याचं सुंदर उदाहरण २०१५ मध्ये एएमडीने दिलं. त्यांचं मोठं कार्ड आर९ फ्युरी एक्स २७५ वॉटचं होतं, पाण्याने थंड ठेवलं जाणारं. तीच पूर्ण चिप, तेच ४०९६ गाभे घेऊन त्यांनी १५२ मिलिमीटर लांबीचं आर९ नॅनो काढलं आणि १७५ वॉटांत बसवलं. वीज एक-तृतीयांशाहून जास्त कमी झाली. खेळातला वेग त्या मानाने फारच थोडा उतरला. महाग होतं, स्मृती ४ जीबीच होती, बाजारात फार टिकलं नाही. पण त्या कार्डाने दाखवलेली वाट आज प्रत्येकाच्या हाताशी आहे : ड्रायव्हरसोबतच्या किंवा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिटची एक पट्टी असते, ती १०० वरून ८० वर आणली की बहुतेक कार्डं थोडाच वेग गमावतात, आणि डबा लक्षणीय गार, शांत होतो. लहान संगणकात कार्ड बसवल्यावर पहिल्याच दिवशी हे करून पाहावं असा माझा आग्रह आहे.

वॉटचा हिशेब युपीएसपर्यंत न्यावा लागतो, हे आपल्याकडचं वेगळेपण. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा युपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच पेलतो. प्रोसेसर, मॉनिटर आणि १६० वॉटचं कार्ड मिळून त्यात जेमतेम मावतात; त्यापुढचं कार्ड घेतलं आणि ऐन खेळात वीज गेली, तर युपीएस आधाराला येण्याऐवजी स्वतःच मान टाकतो.

मग प्रत्यक्ष घ्यायचं काय? त्याआधी पडदा पाहा. १०८० रेषांच्या मॉनिटरवर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, १४४० वर ३६.९ लाख, ४के वर ८२.९ लाख. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. त्या वेळात चौपट बिंदू रंगवायचे तर कार्ड कोणत्या वर्गातलं लागेल याचा अंदाज येतो. लहान संगणकासाठी १०८० किंवा १४४० हीच समंजस निवड. ४के टीव्ही असेल तर डीएलएसएस, एफएसआर यांसारख्या पद्धती कमी बिंदूंत चित्र रंगवून मोठं करून दाखवतात, आणि आता त्या इतक्या सुधारल्या आहेत की त्यांना नाक मुरडण्याचं कारण उरलेलं नाही.

१०८० साठी २०२३ चं आरटीएक्स ४०६० मला आजही आदर्श वाटतं, कारण ते ११५ वॉटचं आहे आणि निम्म्या उंचीच्या रूपातही निघालं. २०२५ चं आरटीएक्स ५०६० त्याहून वेगवान, पण १४५ वॉटचं. दोन्हींची अडचण एकच, ८ जीबी स्मृती. २०२३ पासून आलेल्या अनेक मोठ्या गेमांत उच्च दर्जाचे पृष्ठपोत (टेक्श्चर) लावले की ८ जीबी भरून जातात, आणि मग सरासरी फ्रेम चांगल्या दिसल्या तरी मध्येच गचके बसतात. चार-पाच वर्षं बदलायचं नसेल तर जून २०२५ मध्ये आलेल्या आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीचं रूप घ्यावं, १६० वॉटचं आणि पूर्ण सोळा लेनचं, म्हणून थोड्या जुन्या मदरबोर्डवरही न अडखळणारं. ८ जीबीचंही त्याच नावाने मिळतं. डबा हातात घेऊन आकडा वाचा. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी देतं, पण १९० वॉट मागतं आणि जुन्या प्रोसेसरबरोबर मंदावतं. प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवणाऱ्या रे ट्रेसिंगवर या वर्गात फार जीव टाकू नये.

कार्डच न घेणं, हाही पर्याय मी पूर्ण आदराने मांडतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या रायझन ७ ८७००जी या ६५ वॉटच्या प्रोसेसरमध्येच रेडिऑन ७८०एम आहे, आणि हलके, मध्यम गेम १०८० वर त्यावर खरोखर खेळता येतात. त्याची मर्यादा रॅमची. ६००० वेगाच्या डीडीआर५ च्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ९६ जीबी देतात, आणि त्यातही प्रोसेसरचा वाटा असतो. ४०६० ला स्वतःच्या स्मृतीतून २७२ जीबी मिळतात. एकच पट्टी लावली तर रॅमचे ते ९६ही निम्म्यावर येतात, म्हणून अशा संगणकात दोन पट्ट्या हव्यातच. पुढे हौस वाढली तर कार्ड घालता येईल असं कॅबिनेट मात्र आजच घ्यावं.

जुन्या कार्डांच्या बाजाराला एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची खाणकामाची पद्धत बंद झाली, आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभरच्या बाजारांत उतरली; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही ती आजवर फिरत आहेत. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. चिप सहसा शाबूत असते. पंख्यांच्या बेअरिंग, वाळलेली थर्मल पेस्ट आणि स्मृतीच्या चिपांखालचे पॅड पाहावे लागतात. दुकानातच अर्धा तास गेम चालवून तापमान बघण्याचा हट्ट धरा. अनुक्रमांकावरून वॉरंटी शिल्लक आहे का ते तपासा, आणि बिलावर तो अनुक्रमांक लिहून घ्या.

या पुस्तकात किमती नाहीत, कारण छापून येईपर्यंत त्या शिळ्या होतात. त्याऐवजी प्रत्येक वर्गात वॉट, मापं, लेन, स्मृती आणि शांतपणाच्या नोंदींचे तक्ते आहेत. ते वापरायचे तर पहिल्या प्रकरणाकडे जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्या : कॅबिनेटमध्ये कार्डाला मिळणारी लांबी, केबलसकट उंची आणि जाडी, एसएमपीएसचे वॉट आणि त्यातून कार्डासाठी निघणाऱ्या केबलच्या पिना, मदरबोर्डचा पीसीआय एक्स्प्रेस ३.० की ४.०, युपीएसचे वॉट, पडद्याचे बिंदू, आणि मे महिन्यातल्या दुपारी तुमच्या खोलीचं तापमान.